आधी उतार विचारा

मित्रहो, ताई-माईंनो, पत्रिकेवर माझा विषय ‘नागपूरची विकासकामं आणि नाग नदी’ असा छापलाय. नदीकडे येतोच. पण आधी आमच्या गल्लीतल्या एका ओट्याबद्दल बोलू द्या, कारण नदीचं दुखणं मला त्या ओट्यावर बसून कळलं.

माझी सगळी नोकरी कालव्यांचे उतार मोजण्यात गेली. किलोमीटरला वीस सेंटीमीटर उतार दिला, तरी पाणी मुकाट्यानं पुढं जातं. उलटा दिला तर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यामुळे रस्त्याचं काम दिसलं की मी आधी खाली वाकून बघतो.

ओटा आमच्या शेजारच्या काकूंचा. त्यांचं घर १९८४ सालचं. रस्त्यावरून चढायला तीन पायऱ्या होत्या. डांबराचे थर चढत गेले, तिन्ही पायऱ्या गेल्या. मग सिमेंट रोड आला. जुनं डांबर खोदून काढलंच नाही. त्यावर पातळ काँक्रीट आणि वर वीस सेंटीमीटरचा स्लॅब टाकला. आता काकूंना घरात जायला एक पायरी उतरावी लागते. मी साइटवरच्या पोराला विचारलं, “बाबू, लेव्हल काय धरली?” त्यानं नकाशा उलगडून दाखवला. लांबी होती, रुंदी होती, जाडी होती. घरांचं जोतं कुठंच नव्हतं. पोरगा भला होता, त्याला कोणी मोजायला सांगितलंच नव्हतं.

पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत शिरलं. तांदळाचा डबा, दिवाण, खालच्या कपाटातली कागदपत्रं, सगळं भिजलं. मुलीच्या लग्नाचा अल्बम काकू पंख्याखाली एकेक पान करून वाळवत होत्या. फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवताना नवरीचा चेहरा शेजारच्या पानावर निघून आला. त्या काही बोलल्या नाहीत, पान तसंच हातात धरून बसल्या. मी गवंड्याची पाण्याची नळी आणली, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं, आणि मोजलं. रस्त्याची कड घरातल्या फरशीपेक्षा सत्तावीस सेंटीमीटर वर. तीन वर्षं अर्ज केले. उत्तर एकच, काम नियमानुसार पूर्ण झालं आहे.

मी सिमेंट रोडच्या विरोधात नाही, हे नीट ऐका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर डांबर टिकत नाही. माझं म्हणणं एवढंच की आधी खोदा, मग ओता. आणि मीटरला दोन सेंटीमीटर आडवा उतार नालीकडे द्या, दाराकडे नाही. हे आपल्याला जमतं. मेट्रोच्या रुळाची उंची आपण मिलिमीटरमध्ये धरली. मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली, ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. तीच काळजी गल्लीला का नाही?

चिठ्ठी आली, सातच मिनिटं उरलीत. तर नदी.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथं बसलेल्या कितीतरी जणांनी गच्चीवर काढली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. हिशेब करा, एका चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर. जुना अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीला ते पेललं नाही. मातीत मुरणारं पाणीही आपण सिमेंटवरून एकदमच तिच्याकडे धाडलं होतं.

आता नाग नदीच्या प्रदूषण निवारणाचा सुमारे १,९०० कोटींचा प्रकल्प आहे. गटारवाहिन्या, पंपिंग स्टेशनं, शुद्धीकरण केंद्रं, सगळं हवंच. नदीत सांडपाणी जातं, ते पुढं कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळतं, म्हणजे आपली घाण गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाते. भांडेवाडीत शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेव्हा सांडपाणी कामाला येतं हेही आपण बघितलंय. पण नदीकाठच्या भिंती उंच करताना गल्लीतल्या नाल्यांची तोंडं कुठं उघडणार? नदी भरली की त्यांतून पाणी उलटं आत येतं. तिथं झडपा हव्यात. सांडपाण्याची गडरलाइन आणि पावसाची नाली वेगळी हवी. आणि प्रत्येक निविदेत पहिल्या पानावर दोन आकडे हवेत, कामाआधीची लेव्हल आणि कामानंतरची. घरांच्या जोत्यांसकट.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत, थांबतो. मागच्या टेबलावर दहा मीटरची पारदर्शक नळी ठेवलीय. ज्यांच्या गल्लीत काम निघालंय त्यांनी नाव लिहून न्यावी. रोड पडायच्या आधी दाराच्या चौकटीवर खूण करा, तारखेसकट फोटो काढा. पहिली खेप काकूंच्या मैत्रिणीकडे जाणार आहे, त्यांच्याकडे सोमवारी खोदकाम सुरू होतंय.