पाणी उतरल्यावर

[दृश्य: सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल. खांबावरची फुटांची पट्टी, पाणी हळूहळू खाली सरकतंय.]

पावसाळ्यात सांगलीची नजर या पट्टीवर असते. ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. आकडा उतरायला लागला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि घराकडं वळतात. लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचं, काम तिथून पुढं सुरू होतं.

[कर्नाळ रस्त्यालगतची गल्ली. फावडी, घमेली, घोट्यापर्यंत गाळ. अनवाणी पाय.]

या गाळात गोठ्यातलं शेणमूत आहे, कुजलेलं धान्य आहे आणि घुशी-उंदरांची बिळं धुऊन आलेलं पाणी आहे. या तापाचा जिवाणू, लेप्टोस्पायरा, उंदराच्या मूत्रपिंडात महिनोन्महिने मुक्काम करतो. उंदराला त्याचा काही त्रास नाही. लघवीवाटे जिवाणू बाहेर पडत राहतो. ओल असेल तर चिखलात आठवडे काढतो, वाळलं की मरतो.

[जवळून: टाचेची भेग. मग उसाच्या पाल्यानं चिरलेला पंजा.]

त्याला एवढी फट पुरते. भेग नसली तरी तासन्‌तास पाण्यात राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडीही पुरते. डोळ्यात उडालेला एक शिंतोडाही चालतो.

[प्रयोगशाळा. अंधारी खोली. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर वळवळणारे चंदेरी धागे.]

हाच तो. जाडी ०.१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. लांबी ६ ते २० मायक्रॉन. इतका बारीक, की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, आणि जिवाणू दिसावेत म्हणून नेहमी वापरतात तो ग्रॅमचा रंगही नीट धरत नाही. म्हणून ही काळ्या पडद्याची पद्धत, डार्क फील्ड. काचपट्टीखालच्या भिंगाच्या, कंडेन्सरच्या, मधोमध प्रकाश अडवलेला असतो. तो कडेनं तिरका येतो आणि जिवाणूवर आपटून उडालेला तेवढाच डोळ्यापर्यंत पोचतो. बंद खोलीत कवडसा पडला की धूळ चमकते, तसंच. काचपट्टी आणि कंडेन्सर यांच्यामध्ये तेलाचा थेंब हवा. त्यात हवेचा बुडबुडा राहिला की सगळं चित्र धुरकट.

टोकाकडं बघा. हुकासारखा आकडा आहे. अंगाला घट्ट पीळ, पण बाहेर शेपूट नाही. दोन्ही टोकांना एकेक तंतू, तोही बाहेरच्या पापुद्र्याच्या आत. तंतू फिरला की अख्खं अंग मळसूत्रासारखं फिरतं. घट्ट, चिकट द्रवातूनही हा वाट काढतो ती यामुळंच.

आता फसगत कुठं होते ते. रक्त गोठताना होणारे फायब्रिनचे धागे आणि फुटलेल्या पेशींचे तुकडे असेच वळवळताना दिसतात. शिवाय एका मिलिलिटरमध्ये दहा हजारांच्या आसपास जिवाणू असल्याशिवाय एखादा नजरेला पडणं कठीण. तेव्हा नुसत्या डार्क फील्डवर होकार द्यायचा नाही, नकार तर मुळीच नाही.

[चांदीच्या रंगातलं जुन्या पद्धतीचं काचचित्र.]

१८८६ मध्ये जर्मनीत आडोल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र येणारा आजार नोंदवला. कारण हाती नव्हतं. १९०७ मध्ये स्टिम्सन यांना पीतज्वरानं गेला असं समजलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडात असे पीळदार जिवाणू दिसले. आकडा प्रश्नचिन्हासारखा, म्हणून नाव इंटरोगन्स. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी तो वेगळा काढून दाखवला.

[जवळून: परीक्षानळी. पृष्ठभागाखाली पांढरट कडं.]

हा जिवाणू नळीत वाढवणं सोशिक माणसाचं काम. नळीत रक्ताचे एक-दोन थेंबच घालायचे. जास्त घातलं तर वाढ अडते. तापमान २८ ते ३० अंश. निमघट्ट माध्यमात, म्हणजे जिवाणूच्या खाद्यात, पृष्ठभागाच्या थोडं खाली हे कडं धरतं, कारण प्राणवायू त्याला बेताचाच लागतो. कधी कधी तीन महिने थांबावं लागतं. रुग्णाच्या उपचाराला याचा उपयोग नाही.

याच पीळदार घराण्यातला ट्रेपोनेमा, गरमी म्हणजे सिफिलिसचा जिवाणू, १९०५ मध्ये सापडला. पोटात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर पिळाचा आहे, पण घराणं वेगळं.

[बाह्यरुग्ण विभाग. रांग.]

गाळात उतरल्यापासून बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप. पोटऱ्या दाबू देत नाहीत, डोळे लाल पण चिपडं नाहीत. तोवर चिखल विसरलेला असतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. पहिल्या आठवड्यात रक्ताचं पीसीआर, ही जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. आयजीएम एलायझा, ही शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, साधारण पाचव्या-सातव्या दिवसानंतर. आधी केली तर खोटी निगेटिव्ह येते. औषध मात्र रिपोर्टसाठी थांबत नाही: डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. पहिल्या गोळीनंतर काही तासांत थंडी वाजून ताप उसळू शकतो; घाबरून औषध सोडू नये, डॉक्टरांना कळवावं. उशीर झाला तर कावीळ, मूत्रपिंड बंद, फुफ्फुसात रक्तस्राव.

[पुन्हा गल्ली. गुडघ्यापर्यंतचे गमबूट.]

हे बूट या चित्रफितीतली सगळ्यात कमी दिसलेली वस्तू. फाटका बूट घालू नका. आत पाणी राहिलं की कातडी भिजत बसते. सफाईवाल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत, लगेच आडवं न होता. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ही नाही.

[फरशीवर पांढरं पाणी.]

आधी गाळ काढा, मगच ब्लीचिंग. गाळावर टाकलेली पावडर गाळच खाऊन टाकतो. लिटरला साधारण ३० ग्रॅम, आणि पिशवी उघडी ठेवलेली नको. क्लोरीन उडून जातो.

[गोठ्यामागचा बांध. संध्याकाळ. मग सकाळ.]

संध्याकाळी उंदरांची सगळी बिळं चिखलानं बुजवली. सकाळी जी उकरलेली, ती जिवंत. उंदीर मारायचं औषध घालायचं ते यांत, बाकीच्यांत नाही. या बांधावर सकाळी अकरा उघडी होती.