पुळणीवर आखलेला माणूस

(दृश्य : मालवण तालुक्यातली पुळण, ओहोटीची वेळ. ड्रोन हळूहळू वर जातो.)

ओहोटीला इथली पुळण इतकी टणक होते की काठीने ओढलेली रेघ भरती येईपर्यंत हलत नाही. त्या पुळणीवर आज एक माणूस आखला जातोय. डोकं समुद्राकडे, पाय सुरूच्या बनाकडे. उंची दहा वाव.

वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. ढोबळमानाने सहा फूट. समुद्राची खोली, दोराची लांबी इथे वावांत मोजतात. बहुतेकांची उंचीही त्यांच्या पसरलेल्या हातांएवढीच भरते, त्यामुळे दहा वावांचा हा माणूस खऱ्या माणसाच्या दहापट झाला.

काठ्या आशा स्वयंसेविकांच्या हातात आहेत. दोर रापणकरांचा, म्हणजे काठावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा आहे. आणि मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे आहेत ते शरीररचनाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गावचेच. सगळे त्यांना सर म्हणतात, आपणही तेच म्हणू.

(दृश्य : सर एका आशाताईंना उभं करून दाखवतात.)

शरीरातली कुठलीही जागा सांगायची तर माणूस कसा उभा आहे हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर वर, खाली, पुढे, मागे या शब्दांना अर्थच उरत नाही. म्हणून जगभरच्या वैद्यकाने एक उभं राहणं पक्कं केलंय. अंग ताठ, तोंड समोर, पावलं जवळजवळ, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे वळवलेले. रोगी खाटेवर उताणा असो, पालथा असो, नाहीतर माडावरून पडून वेडावाकडा आडवा झालेला असो, वर्णन लिहिताना तो असाच उभा आहे असं धरायचं.

डावं आणि उजवं कायम रोग्याचं, बघणाऱ्याचं नाही. होडीची उजवी बाजू बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरत नाही, तसंच हे. आपण पुळणीवरच्या माणसाच्या पायथ्याशी उभे राहिलो तर त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. एक्स-रेची फिल्मसुद्धा अशीच लावतात. आणि वर म्हणजे डोक्याकडे, आकाशाकडे नव्हे. आज पुळणीवर वर म्हणजे समुद्राच्या दिशेला.

आता मधली रेघ. दोन भुवयांच्या मधून, नाकाच्या शेंड्यावरून, हनुवटी, छातीचं मधलं हाड, बेंबी आणि सरळ खाली. या रेघेच्या जवळचं ते मीडियल, लांबचं ते लॅटरल. तळवा पुढे असला की करंगळी रेघेजवळ येते आणि अंगठा बाहेर जातो. हातापायांसाठी आणखी एक जोडी आहे. जिथे अवयव धडाला जोडला जातो त्याच्या जवळचं प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल. कोपर मनगटाहून प्रॉक्सिमल, बोटांची पेरं तळव्याहून डिस्टल. आशाताईंनी वाळूवर याला आपले शब्द लिहिलेत : मधल्या रेघेकडचं, बाहेरचं, धडाजवळचं, टोकाकडचं. एवढ्या चार शब्दांवर किती काम होतं ते पुढे दिसेलच.

(दृश्य : सरांच्या घरातलं पुस्तकांचं कपाट. पानं उलटतात.)

ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीर आतून पाहण्याची रीत तपशीलवार दिली आहे. विषाने न मेलेला, फार दिवसांच्या आजाराने न झिजलेला देह घ्यायचा. आतड्यांतला मळ काढायचा. देह मुंज, कुश अशा गवतांत किंवा सालींत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचा. सात रात्रींनी तो चांगला मऊ झाला की बाहेर काढायचा आणि वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत जायचं. त्वचेपासून सुरुवात करून आतले सगळे भाग डोळ्यांनी पाहायचे. हाडं मोजून सुश्रुत ३०० सांगतो. आज मोठ्या माणसाची २०६ धरतात. फरकाचं एक मोठं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे, कारण त्या मोजणीत दात आणि कूर्चाही, म्हणजे कानाच्या पाळीसारखे लवचीक भागही आहेत.

युरोपात १५४३मध्ये अँड्रियास व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ आला आणि स्वतः कापून पाहिलेलंच लिहायचं हा आग्रह तिथे रुजला. भारतात पाश्चात्त्य पद्धतीचं शवविच्छेदन करणारे पहिले म्हणून पंडित मधुसूदन गुप्तांचं नाव घेतलं जातं. साल १८३६, ठिकाण कलकत्ता. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं.

पण पाहणारे वाढले तशी नावंही वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शरीराच्या भागांना सुमारे ५० हजार नावं चालत होती. एकाच भागाला जर्मनीत एक नाव, फ्रान्समध्ये दुसरं. १८९५मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात शरीरशास्त्रज्ञांनी एकत्र बसून ती पाच हजारांच्या आसपास आणली. त्या यादीत पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि १९९८मध्ये नवी आंतरराष्ट्रीय यादी निघाली. मराठीतही काम झालंय. १९६०मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने शास्त्रांचे परिभाषा कोश काढले, त्यांत शरीरशास्त्रही आहे. ते शब्द कपाटातून गावच्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत पोचायला हवेत, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

(दृश्य : रापण. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं. क्लोजअप : एका रापणकराचा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात.)

हा हात बघा. कोपराखाली दोन हाडं आहेत. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. तळवा पुढे असताना दोन्ही शेजारी शेजारी, समांतर असतात. आता त्याने दोर वरून धरला, तळवा खाली वळला. करंगळीकडचं हाड जवळपास जागच्या जागी राहिलं आणि अंगठ्याकडचं त्याच्यावरून तिरकं पलीकडे गेलं. कातडीखाली स्नायूंचा पीळ फिरताना दिसतोय तो त्यामुळेच. ठरलेल्या उभं राहण्यात तळवे पुढे का, याचं उत्तरही इथेच आहे. त्या स्थितीत ही दोन हाडं एकमेकांवर चढत नाहीत, त्यांची बाजू सांगताना गोंधळ होत नाही.

(निवेदन थांबतं. रापण ओढताना दिलेली हाळी. जाळं काठाला लागतं. तारली, बांगडे.)

जाळ्यातला बांगडा सर हातात घेतात. कल्ले लालबुंद, डोळा स्वच्छ. माशाची पाठ वर असते आणि पोट खाली. माणूस दोन पायांवर उभा राहिला तशी पाठ मागे गेली, पोट पुढे आलं. म्हणून माशाच्या किंवा बैलाच्या वर्णनात पाठीची बाजू म्हणजे वरची, आणि माणसाच्या वर्णनात तीच मागची. पाठीच्या बाजूला डॉर्सल आणि पोटाच्या बाजूला व्हेंट्रल म्हणतात, ते शब्द दोघांनाही चालतात.

(दृश्य : वाळूतल्या माणसाच्या पोटात दोर अंथरला जातो.)

आता पोट. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की चार भाग पडतात. वरचा उजवा : तिथे यकृत. त्याच्या जागी नारळाच्या सोडणांचा ढीग घातलाय, आणि मुद्दाम मधली रेघ ओलांडून थोडा डावीकडे नेलाय, कारण यकृत तसंच असतं. वरच्या डाव्या भागात जठर आणि त्यामागे प्लीहा. मधे लहान आतडं. त्याची लांबी साधारण ६ मीटर, म्हणजे दहापट माणसाला ६० मीटर. तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, दोर छातीसमोरून ओढत वाव मोजतात. हात पसरले, एक. पुन्हा पसरले, दोन. तेहेतिसाव्याला थांबतात. तो सगळा दोर घड्या घालून बेंबीभोवती बसवायला चार माणसं लागली, आणि तो बसलाही.

खालच्या उजव्या भागात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकलेलं अपेंडिक्स. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९मध्ये त्याची दुखरी जागा बोटाने दाखवता येईल इतकी नेमकी सांगितली. उजव्या खुब्याच्या हाडाचं पुढे लागणारं टोक ते बेंबी अशी रेघ धरायची. तिचे तीन भाग करायचे. हाडाकडून पहिला भाग संपतो ती जागा. आशाताईंनी तिथे एक शिंपला ठेवलाय. ही दुखी बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी त्या शिंपल्याकडे सरकते. आधी कुठे दुखत होतं आणि आता कुठे, असं दोनदा विचारायचं ते यासाठी.

(दृश्य : क्लोजअप, एका मच्छीमाराचा घोटा. जुना व्रण.)

हा पाकट नावाच्या माशाच्या काट्याचा व्रण. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या किंचित पुढे. कातडीखाली तिथून पायाची लांब शीर वर जाते. हाच काटा उंचवट्याच्या मागे शिरला असता तर तिथे धमनी आहे. बोट टेकवलं तर तिचे ठोके लागतात. मधलं अंतर दोन-तीन बोटांचं. पायाला काटा लागला एवढंच फोनवर सांगितलं तर पलीकडच्या डॉक्टरला यातलं काहीच कळत नाही. डावा पाय, आतला घोटा, हाडाच्या मागे, असं सांगितलं की गाडी निघण्याआधीच तयारी सुरू करता येते.

(दृश्य : पाऊस. मळ्यात लावणी. वाकलेल्या पाठींची ओळ.)

तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावताना बाई वाकते ती कमरेच्या पाच मणक्यांत आणि खुब्यांत. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, मग एकसंध झालेलं त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाड. आशाताई बांधावर उभ्या राहून विचारतात, "काकी, खंय दुखता?" उत्तर येतं, "सगळा आंग दुखता." इथे पूर्वी वहीत अंगदुखी लिहून पुढे जायचं. आता ताई थांबतात. कंबर की पाठ? मांडी की पोटरी? पुढून की मागून? दाबल्यावर जास्त?

ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत जबर दुखणं ही लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची खूण असू शकते, आणि भातशेतीच्या दिवसांत या किनाऱ्यावर त्यात उशीर झाला तर माणूस जातो.

(निवेदन थांबतं. पावसाचा आवाज. काकी चिखलातला पाय बाहेर काढून पोटरी दाखवतात.)

(दृश्य : उपकेंद्राची भिंत. रंगकाम.)

पुळणीवरचा माणूस भरतीला पुसला गेला. हा भिंतीवरचा राहणार आहे. तळवे पुढे, मधली रेघ लाल, पोटाचे चार भाग चार रंगांत. प्रत्येक भागाशी दोन नावं आहेत. एक पुस्तकातलं मराठी आणि एक गावात बोलतात ते. नडगी, पोटरी, वाटी, घोटा, चवडा, खुबा, ओटीपोट, कानशील, टाळू. जांघ आणि काख हे शब्द लिहायचे की नाही यावर थोडी कुजबुज झाली. ते लिहिले गेले, आणि ते लिहायलाच हवेत. ज्या जागेचं नाव घ्यायला बाई लाजते तिथली गाठ ती डॉक्टरला दाखवणार कशी?

आमची मागणी साधी आहे. कोकणातल्या प्रत्येक उपकेंद्रात आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत असं एक चित्र हवं, माणसाच्या उंचीचं, मराठी नावांसह, पुढून एक आणि मागून एक. मुलांनी त्यासमोर उभं राहून आपल्या अंगावर त्या जागा दाखवायला शिकावं. इथल्या शाळेने सुरुवात केली आहे. मागच्या बाजूचं चित्र आठवीच्या मुली काढतायत आणि सध्या खांद्याच्या फऱ्यावर आल्या आहेत.