मधूनच येणारा बिघाड पकडायचा कसा

मंडळी, सुरुवात एका तक्रारीने करतो. गेली ३८ वर्षं चिपळुणात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, आणि ही तक्रार ज्या शब्दांत येते ते शब्द अजून बदललेले नाहीत. "घरी दगा देते आणि तुमच्याकडे आणली की नीट चालते."

असं म्हणणारा माणूस संकोचलेला असतो. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही असं त्याला वाटत असतं. आज मला त्याच्या बाजूने बोलायचं आहे. समोर निम्मी मंडळी गाडी चालवणारी आहेत, निम्मी आयटीआयची मुलं आहेत. दोघांनाही सांगायचं ते एकच: बिघाड चालू असताना, वायरीतून करंट वाहत असताना मोजा. गाडी बरी असताना मोजून हाती काही लागत नाही, आणि न मोजता पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात टाकणं आहे.

एक गाडी सांगतो. १९९७ सालची छोटी पेट्रोल गाडी, मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सकाळी सातला सेल्फ मारला की इंजिन कण्हल्यासारखं अर्धं फिरायचं आणि थांबायचं. तीन-चार प्रयत्नांनंतर सुरू व्हायची. दुपारी मात्र एका झटक्यात. चार महिन्यांत त्यांनी दोन ठिकाणी काम करून घेतलं होतं. नवी बॅटरी झाली, सेल्फ खोलून झाला, डायनामोसुद्धा बदलून झाला. पेन्शनमधले बारा-तेरा हजार गेले आणि सकाळचं कण्हणं तसंच राहिलं.

मी मास्तरांना विचारलं, "या चार महिन्यांत गाडीत दुसरं काही बदललेलं जाणवलं का? लाइटचं नसलं तरी सांगा." ते म्हणाले, "ॲक्सिलरेटर जरा जड झालाय, पण त्याचा काय संबंध?"

संबंध होता. गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवून घेतली. सकाळी इंजिन थंड असताना तीनदा सेल्फ मारायला लावला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला. केबल चांगलीच तापली होती.

असं का होतं? सेल्फ बॅटरीकडून शंभर-सव्वाशे अँपिअर ओढतो. तो करंट बॅटरीच्या प्लसकडून जाड वायरीने सेल्फला येतो, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याला बॅटरीच्या मायनसकडे परतही जावं लागतं. त्या गाडीत तो इंजिनमधून, इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या विणीच्या पट्टीतून, बॉडीतून परत जात होता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. पट्टीचा बोल्ट गंजला, की करंट जी वाट मिळेल ती धरतो. इथे त्याने ॲक्सिलरेटरच्या केबलची वाट धरली. केबल तापली, आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ झालं आणि पेडल जड झालं.

हे मोजायचं कसं, ते नीट ऐका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर. मग सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. दोन्ही टोकं मायनसवरच आहेत, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. मास्तरांच्या गाडीत तो २.३ आला. मग एक-एक पाऊल मागे यायचं. खुंटी ते क्लॅम्प, जवळपास शून्य. खुंटी ते बॉडी, ०.१. बॉडी ते इंजिन, २.२. म्हणजे व्होल्टची सगळी घट त्या एका पट्टीत. बॅटरीच्या खुंट्यांवर सेल्फ मारताना १०.५ व्होल्ट होते, पण सेल्फच्या वाट्याला आठच्या आसपासच येत होते.

सकाळीच का? थंडीत ऑइल घट्ट असतं, सेल्फला जोर जास्त लागतो, तो करंट जास्त ओढतो. करंट जास्त तेवढी त्या गंजलेल्या जोडात व्होल्टची घट जास्त. दुपारी इंजिन गरम असतं, कमी करंटात काम भागतं. गॅरेजला गाडी आणायची म्हणजे ती आधी सुरू करून, चालवत आणावी लागते. ती येते तेव्हाच गरम असते. म्हणून ती गॅरेजमध्ये बरी दिसायची. मास्तर बरोबर होते.

आता आयटीआयच्या मुलांसाठी. तुम्ही म्हणाल, पट्टी काढून ओहमवर तपासली असती तर? काहीच कळलं नसतं. २.२ व्होल्ट भागिले सव्वाशे अँपिअर, म्हणजे ०.०२ ओहमपेक्षाही कमी. आपल्या साध्या मीटरच्या नुसत्या वायरी एकमेकींना लावल्या तरी तो ०.२ किंवा ०.३ दाखवतो. त्याला ०.०२ दिसणार कसा? शिवाय ओहम मोजताना मीटर वायरीतून अगदी चिमूटभर करंट सोडतो. सात तारांच्या वायरीतल्या सहा तुटल्या आणि एक उरली, तरी एवढ्या करंटाला ती एक तार पुरते. मीटर "ठीक आहे" म्हणतो, पण हेडलाइट लावला की ती तार कमी पडते. म्हणून वायर तपासायची ती तिच्यावर तिचं काम टाकून.

नुसत्या व्होल्टवरही असाच चकवा बसतो. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे धाग्याएवढ्या लागलेल्या जोडापलीकडेही तो १२ दाखवतो. तिथे मी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून वापरतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. पण हा बल्ब ईसीयूच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या, किंवा सेन्सरच्या वायरींना लावू नका, आतला ट्रान्झिस्टर जाईल. आणि एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग, दिसले, की तिथे बल्ब नको, मीटरही नको.

हेडलाइटचं उदाहरण घ्या, कारण घाटात रात्री ते जिवाशी येतं. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो. कपलरमध्ये अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. हॅलोजन बल्बचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. दोन व्होल्ट गेले तर उजेड निम्म्याच्या आसपास येतो. आणि ती गेलेली वीज कपलरमध्येच उष्णता होते, सुमारे आठ वॅट, सुपारीएवढ्या प्लास्टिकमध्ये. प्लास्टिक तपकिरी होतं, आतली पितळी पिन तापून ढिली पडते, ढिली पडली की अजून तापते. अशा वेळी नवा बल्ब घालून उपयोग नाही. कपलर काढून वास घ्या, जळका वास नाकाला लगेच कळतो.

तर बिघाड बहुतेक वेळा पार्टमध्ये नसतो, जोडामध्ये असतो. जिथे दोन धातू टेकतात तिथे, जिथे वायर रोज वाकते तिथे, दाराच्या बिजागरीपाशी, डिकीच्या झाकणापाशी. वायरीचं बाहेरचं कव्हर शाबूत आणि आत तांबं तुटलेलं. दार उघडलं की लागतं, मिटलं की सुटतं.

मागच्या दिव्यांचा विचित्रपणाही असाच. इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटतो. लोक स्विच बदलतात. खरं कारण बहुधा त्या दिव्याचं अर्थिंग, म्हणजे बॉडीला जाणारा परतीचा जोड, गेलेलं असतं आणि करंट शेजारच्या बल्बातून परतीची वाट शोधतो. अर्थिंगचा स्क्रू काढा, रंग आणि गंज काचपेपरने घासून पत्रा चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी धातूला धातू, नंतर व्हॅसलीन.

आपल्या कोकणात हे सगळं जास्त होतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारी हवा. त्यातच २२ जुलै २०२१ चा महापूर. त्या दिवसाबद्दल या सभागृहात मी वेगळं काही सांगायला नको. वाशिष्ठी नदीचं पाणी उतरल्यावर चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. सीट वाळवल्या, ऑइल बदललं, बऱ्याच गाड्या चालूही झाल्या. खरा त्रास पुढच्या वर्षी सुरू झाला. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी वातीसारखं वर चढतं, कव्हरच्या आतून, वीतभर, हातभर. बाहेरून वायर कोरडी, सोलली की आत हिरवी पूड. त्या हिरव्या वायरीला सोल्डर धरत नाही. लालसर तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं आणि तिथून नवी वायर जोडायची. पुरात गेलेली गाडी असेल तर ते आधी सांगा, लपवू नका. मी सगळ्यांत आधी पायाखालचं मॅटिंग उचलतो.

मालकांनी एक करावं. गाडीत वही ठेवावी. बिघाड झाला की लगेच लिहायचं: इंजिन गरम की थंड, पाऊस होता का, खड्डा, वळण, कोणते दिवे चालू होते, आपोआप बरी झाली का आणि किती वेळाने. गरम झाल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटांनी सुरू होते, या एका ओळीवरून मी इग्निशन कॉइल, क्रँक सेन्सर किंवा रिलेच्या आतल्या चिरलेल्या सोल्डरकडे वळतो. मग तो भाग केस वाळवायच्या ड्रायरने तापवून बिघाड मुद्दाम आणता येतो. पावसातला असेल तर पाण्याचा फवारा. खड्ड्यातला असेल तर इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एकेका कपलरपाशी हलवायचा. सगळं एकदम हलवलंत तर कुठे सापडलं ते कळणार नाही.

शेवटी फ्यूजचं. एक गाडी कुंभार्ली घाटात जायची आणि केबिन लाइट, रेडिओ यांचा फ्यूज उडायचा. सपाटीवर महिना-महिना काही नाही. मालकाने आठ-दहा फ्यूज जाळले होते, आणि कुणीतरी १५ च्या जागी ३० अँपिअरचा घालून दिला होता. हे कधीही करू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केलात की वायर जळते, वायरीबरोबर गाडी. त्या गाडीत वायरीचं कव्हर मऊ होऊन वितळायला लागलंच होतं.

मी फ्यूज काढला आणि त्याच्या दोन पिनांना तोच २१ वॅटचा बल्ब जोडून डॅशबोर्डवर टांगला. रेडिओ, दिवे बंद. आता वायर कुठे बॉडीला टेकली तर फ्यूज उडण्याऐवजी बल्ब पेटेल, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाणार नाही, त्यामुळे वायरही सुरक्षित. मालक गाडी चालवत होता, मी शेजारी बल्बावर डोळा ठेवून. पोफळी सोडून चढ लागला. तिसऱ्या डाव्या वळणाला बल्ब पेटला, वळण संपलं तसा विझला. पुढच्या उजव्या वळणाला काही नाही. परत डावं आलं, परत पेटला.

डाव्या वळणावर सगळं उजवीकडे सरकतं. गाडी कडेला घेऊन डिकी उघडली. जॅकची पट्टी तुटली होती, जॅक मोकळा होता आणि तो सरकून उजव्या बाजूच्या पत्र्यापाशी डिकीच्या दिव्याच्या वायरीवर टेकत होता. कव्हर तिथे कापलेलं, तांबं चमकत होतं. वितळलेल्या वायरीसकट तो तुकडा बदलला, वर नळी चढवली, जॅक बांधून टाकला. बल्ब तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटमाथ्यापर्यंत जाऊन आलो. एकाही वळणाला पेटला नाही, तेव्हा काढून तिथे १५ चा फ्यूज बसवला.