सुरगाठ

(पहाटेचा, बेळगावचा सांबरा विमानतळ. कुंपणाबाहेरची शेतं, दूरवर इंजिनाची घरघर.)

सांबऱ्याची ही धावपट्टी 1942 ची. महायुद्धासाठी ब्रिटिशांच्या हवाई दलानं केलेली. आता इथं पोरं विमान चालवायला शिकतात. डोक्यावर घरघर आली तरी शेतातली माणसं खुरपं थांबवत नाहीत, इतकी सवय झालीय.

खानापूर तालुक्यातलं एक पोरगं मात्र वर बघत राहिलं. आज त्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स आहे. त्यासाठी लागणारे 200 तास भरलेत, वर थोडेच. कर्जाचे हप्ते चालू झालेत, नोकरी नाही. मोठ्या विमान कंपनीत शिरायचं तर आणखी लाखांचं प्रशिक्षण, आणि पुढं रांग. म्हणून त्यानं वेगळीच वाट धरलीय: पाण्यावर उतरणारं विमान. सीप्लेन.

आज्जीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "विमान पाण्यात पडलं की पेपरात येतंय की रे. हे मुद्दाम पाडायचं काय?"

(मोबाईलवर जुनी बातमी.)

आपल्या देशात ही नोकरी शोधायची कुठं? 31 ऑक्टोबर 2020 ला साबरमती ते केवडिया सीप्लेन सुरू झालं, पुढच्या वर्षी बंद पडलं. नोव्हेंबर 2024 मध्ये श्रीशैलमला आणि मुन्नारजवळच्या माट्टुपेट्टी धरणात प्रात्यक्षिकं झाली. फोटो झकास आले. प्रात्यक्षिकाला पायलट लागतो, पण तो विमानासोबतच येतो.

मग उरतात मालदीव आणि कॅनडा. मालदीवमध्ये ट्विन ऑटर उडतं, त्यात दोन पायलट. म्हणजे शिकाऊ माणसाला बसायला उजवी, सहवैमानिकाची खुर्ची तरी आहे. पण तिच्यावर आधी तिथलीच पोरं बसणार. स्थानिकांना आधी, ही भाषा बेळगावात कुणाला समजावून सांगायला नको. कॅनडाच्या किनाऱ्यावर बीव्हर नावाचं छोटं विमान चालतं. त्यात पायलट एकच, शेजारी सांभाळून घेणारं कुणी नाही.

पाण्यावर उतरायचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची जादा नोंद, कॅनडात 7 तासांच्या उड्डाणात मिळतं. खरी अडचण पुढं आहे. विमा कंपनी विचारते, पाण्यावरचे तास किती? पोहायला आल्याशिवाय पाण्यात सोडणार नाही, असा हा मामला. आपण मलप्रभेत कमरेला डबा बांधून शिकलो, तसला डबा इथं कोण बांधणार?

तो डबा म्हणजे धक्का. विमानं बांधायचा लाकडी धक्का. कमी तासांचे पायलट तिथं एक-दोन हंगाम हमालीच करतात: बॅगा चढवायच्या, पेट्रोल भरायचं, रोज सकाळी फ्लोटमध्ये झिरपलेलं पाणी हातपंपानं उपसायचं. फ्लोट म्हणजे विमानाच्या पोटाखालच्या दोन बंद होड्या. काम बघून मालक एखाद दिवशी रिकामं विमान दुसऱ्या धक्क्याला न्यायला सांगतो. तास असे साठतात. लॉगबुकात हमालीचा रकाना नसतो, नोकरी मात्र तिच्यातूनच निघते.

(राकसकोप जलाशय. वारा पडलेला.)

आणि पाणी सोपं नाही. सीप्लेनला पाण्यात ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की ते चालायलाच लागतं. वारा आला की नाक वाऱ्याकडे वळवतं. लाटांची भीती सगळ्यांना वाटते, पण फसवतं ते असलं, आरशासारखं पाणी. वरून बघताना पाणी कुठं सुरू होतं तेच कळत नाही. शंभर फुटांवर आहोत की पाच, अंदाज येत नाही. मग काठाच्या कडेनं यायचं, नाक किंचित वर धरायचं, मिनिटाला जेमतेम 150 फूट उतरत राहायचं आणि पाणी लागेपर्यंत वाट बघायची. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

(गोठा. आजोबांचे हात, दावं.)

सध्या तो गोठ्यात सराव करतोय. धक्क्यावर पहिल्या दिवशी दोरच हातात देतात, हे त्याला कळलंय. वाऱ्यात विमान धरून ठेवेल आणि एका झटक्यात सुटेल, अशी गाठ हवी.

आजोबांनी त्याची गाठ बघितली, उचकटायला गेले, सुटेना. "ही निरगाठ झाली. म्हैस बुजली तर काय करशील, विळा शोधत बसशील?"

त्यांनी दावं खुंट्याला दोनदा फिरवलं, टोक दुमडून आत सरकवलं. म्हशीनं मान झटकली, गाठ हलली नाही. टोक ओढलं, दावं खाली पडलं.

"परत करा," तो म्हणाला. "हळू."

कॅनडातल्या चौदा धक्क्यांना त्यानं ईमेल पाठवलेत. तिथलं लायसन्स वेगळं, तिथं काम करायची परवानगी वेगळी. हंगाम उन्हाळ्याचा. दोन उत्तरं आलीत, दोन्हींत एकच प्रश्न: कामाचा परवाना आहे का?

आजोबा परत गाठ घालतायत. हळू.