मेयोचा किनारा: समुद्राचं काम अजून चालूच आहे

हा जो खडक समोर पाण्यात एकटा उभा आहे ना, त्याचं नाव डून ब्रिश्टे. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटी, तिचा उत्तर किनारा, आणि आपण उभे आहोत ते डाउनपॅट्रिक हेड नावाचं भूशिर. खडक 45 ते 50 मीटर उंच, माथ्यावर गवत आणि पक्षी, बस. आता त्याच्या अंगावरचे आडवे थर बघा आणि मग आपल्या पायाखालच्या कड्याचे बघा, तेच रंग, तोच क्रम, म्हणजे कधीकाळी ही सगळी सलग जमीनच होती.

साधारण 35 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचत गेलेला चिखल, वाळू, चुना यांचा हा दगड. लाट आधी एखादी भेग धरते, भेगेची गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, आणि मग एखाद्या वादळात कमानीचं छतच खाली येतं. इथलं छत 1393 मध्ये आलं असं सांगतात, आणि वर राहणारी माणसं तिकडेच अडकली, त्यांना दोरखंड लावून इकडे आणलं म्हणे. दुसरी गोष्ट सेंट पॅट्रिकची, म्हणजे आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संताची, क्रोम डू नावाचा सरदार काही केल्या ऐकेना म्हणून त्याने जमिनीवर काठी आपटली आणि सरदारासकट तेवढा तुकडा सुटून गेला. गोष्टी काही असोत, 1981 मध्ये संशोधक हेलिकॉप्टरने वर उतरले तेव्हा तिथे दोन दगडी घरांचे अवशेष सापडले. वर माणसं राहायची हे खरंच आहे! मला तर तिथली चूल पेटलेली दिसायला लागते.

भूशिराच्या मधोमध एक खोल विवर आहे, खालून समुद्र आत येतो, उधाण असलं की पाणी वर उसळतं. 1798 साली जनरल हंबर्टचं फ्रेंच सैन्य आयरिश बंडखोरांच्या मदतीला इथून जवळच किल्कमिनला उतरलं आणि इंग्रजांविरुद्धचं बंड इथेही पेटलं. ते फसल्यावर काही जण जीव वाचवायला या विवरात उतरले, भरती चढली, आणि वर ओढून घ्यायला कोणीच आलं नाही असं सांगतात. त्यांचं स्मारक इथे आहे, दोन मिनिटं थांबाच. पलीकडे गवतात दगडांनी लिहिलेली ‘EIRE’ (आयर्लंडचं आयरिश भाषेतलं नाव) ही मोठाली अक्षरं आणि 64 हा टेहळणी चौकीचा आकडा दिसेल. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता, वरून जाणाऱ्या वैमानिकांना कळावं म्हणून किनाऱ्याभर अशा खुणा केल्या होत्या. आणि हो, टोकाला जाऊन फोटो काढू नका, इथला वारा अचानक ढकलतो.

गाडीने थोडं पश्चिमेला केजा फील्ड्स. 1930 च्या दशकात एक शाळामास्तर पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, काढत होते, खाली रचलेले दगड लागले, आणि पुढे कळलं की दलदलीखाली पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध आहेत. वरून काही दिसत नाही म्हणून बरेच जण पुढे निघून जातात, तसं करू नका.

आता अ‍ॅकिल बेट. बेट असलं तरी पूल आहे, गाडी थेट जाते. इथल्या डूआ गावाची गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. 1984 च्या वादळांनी गावासमोरची पुळण अख्खी ओढून नेली, खाली नुसते दगड उरले, पोरं मोठी झाली ती दगडच बघत. आणि 2017 च्या एप्रिलमध्ये काही दिवसांत उत्तरेकडच्या वाऱ्याने हजारो टन वाळू परत आणून टाकली, जगभर बातम्या झाल्या. मग दोनच वर्षांत ती वाळू पुन्हा गेली. म्हणजे डून ब्रिश्टेला जे शतकानुशतकं चाललंय तेच इथे एका माणसाच्या आयुष्यात दोनतीनदा घडून जातं.

डूआवरून पुढे कड्याच्या अंगाने घाटातून जायचं, रस्ता संपतो तिथे खाली कीम बे, घोड्याच्या नालेसारखा, पाणी निळंहिरवं. मागे 688 मीटरचा क्रोहॉन, त्याची पलीकडची बाजू सरळ समुद्रात उतरते. या शांत खाडीत 1947 ते 1975 मध्ये बास्किंग शार्कची शिकार चालायची, तेलासाठी. जाळ्यात अडकलेल्या दहा-दहा मीटरच्या माशावर कातडीसारखं डांबरी कापड ताणलेल्या हलक्या होड्यांतून भाले चालवायचे, धाडसाचंच काम, पोट त्यावर होतं. पण 12 हजारांहून जास्त मासे गेले, आणि हा मासा कोणाला चावत नाही, तोंड उघडं ठेवून प्लँक्टन, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, गाळत फिरतो. 2022 पासून आयर्लंडमध्ये त्याला कायद्याचं संरक्षण आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलात तर वाळूवर बसून राहू नका, बाजूच्या चढावर जा, समुद्र शांत असेल तर पाण्यातून हळू सरकणारा पाठीवरचा काळा पर वरूनच नीट दिसतो.