कंपाउंडच्या भेगेत उगवणारं कॅन्सरचं औषध

हे आहे नाशिक, गंगापूर रोडची एक नर्सरी, आणि समोर ही गुलाबी-पांढरी दिसतेय ना ती आपली सदाफुली, जिला कुणी फारसं विचारत नाही, कारण ती कंपाउंडच्या भेगेतसुद्धा आपसूक उगवते. सकाळी वॉकला जाणारे काही काका हिची दोन-चार पानं तोडून चावतात, शुगरसाठी म्हणे. कडूजहर लागतात.

आता गंमत बघा, शुगरवर सदाफुली हा समज तिकडे लांब जमैकातही होता, लोक पानांचा चहा करून प्यायचे. ती पानं 1952 मध्ये कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल या संशोधकांकडे आली. उंदरांना तोंडाने अर्क दिला, शुगर काही हलली नाही. मग इंजेक्शनने दिला, तर उंदीर इन्फेक्शनने मरायला लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. दुसरा कुणी असता तर प्रयोग तिथेच गुंडाळला असता, पण ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, नेमक्या पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात! 1958 मध्ये नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुलीतून काढलेलं व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध जगासमोर मांडलं, आणि त्याच झाडातलं दुसरं औषध, व्हिन्क्रिस्टिन, 1963 ला अमेरिकेत मंजूर झालं.

पेशीचे दोन भाग होताना क्रोमोसोम दोन्हीकडे ओढायला आत बारीक धागे तयार होतात, व्हिन्क्रिस्टिन ते धागेच बनू देत नाही, पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे डॉक्टर ज्याला एएलएल म्हणतात त्यात, पहिल्या महिन्यात स्टिरॉइडसोबत हे आजही देतात. डोस किती, तर एका वेळी साधारण जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम, तोही फक्त शिरेतून, चुकून मणक्यात गेला तर जीव जातो. नीट दिला तरी पायाला मुंग्या येतात, पोट साफ होत नाही.

त्यामुळे 'सदाफुलीचा काढा प्या, ब्लड कॅन्सर पळवा' असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला की खरंच डोकं फिरतं, अहो पानांमध्ये हे द्रव्य इतकं कमी असतं की एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळली पानं लागतात, आणि सोबत बाकीची डझनावारी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली अशीच तीव्र रसायनं, पोटात जातात ती वेगळीच. वर किमो चालू असताना काढा घेतला आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर काय कशामुळे होतंय हे त्यांना कळणार कसं?

झाडांवरचा शोध काही सदाफुलीपाशी थांबला नाही. पश्चिम घाटातल्या एका झाडात रोहितुकिन नावाचं द्रव्य सापडलं, त्यावरून लॅबमध्ये फ्लॅवोपिरिडॉल हे औषध बनवलं आणि ते ल्युकेमियाच्या पेशंटवर ट्रायलमध्ये वापरलं. काहींना फायदा झालाही, पण कॅन्सरच्या पेशी एकदम इतक्या फुटल्या की तो कचरा किडनीला झेपेना, काही पेशंटना डायलिसिसवर घ्यावं लागलं.