‘रिपोर्ट नॉर्मल’ आल्यानंतर

फोंडेकर मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘निदान होईपर्यंत काय करावं’. त्याकडे येतेच, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐका.

मला झटके येतात. उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या सुरू होतात, हळूहळू कोपरापर्यंत चढतात, मग ओठाचा कोपरा बधिर होतो. वर्गात फळ्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवून ‘त्रिकोण’ म्हणायला जावं, तर तोंडातून भलताच शब्द निघतो. मुलं आधी हसतात, मग गप्प होतात. अर्ध्या तासात सगळं ओसरतं. पुढे कधी महिनाभर काही नाही, कधी आठवड्यात दोनदा. मधल्या काळात मी धडधाकट, आणि तपासण्या होतात त्या नेमक्या मधल्या काळात!

एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली, खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांना म्हणाले, ‘काही नाही हो, बाईंना टेन्शन घेऊ देऊ नका.’ माझा हात, माझी जीभ, आणि उत्तर ह्यांना! घरी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पण त्यांनी आधी विचारलं तरी होतं, ‘बाय, नेमकं कुठून सुरू होतं गो?’ इथे कुणाकुणाला ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून परत पाठवलंय? करा हात वर. पाहा, मागच्या रांगेपर्यंत!

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, जुना पक्षाघात, सूज. अर्धशिशीत, अपस्मारात तो अनेकदा स्वच्छ येतो. नेहमीचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, वीस-तीस मिनिटांचा. अपस्मार असूनही पहिला ईईजी नॉर्मल आलेले कितीतरी रुग्ण असतात. म्हणून ‘नॉर्मल’ हे निदान नव्हे. त्या दिवशी, त्या यंत्राला काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘मग मनाचंच असेल’ म्हणणाऱ्यांना मी पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी नेऊन उभं करीन. तिथे आबे फारियांचा पुतळा आहे, कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या आपल्या माणसाचा. संमोहनाची निद्रा तेव्हा मानत तशी कुठल्या ‘चुंबकी द्रवा’मुळे येत नाही, ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या एकाग्रतेतून येते, असं त्यांनी पॅरिसमध्ये मांडलं. ह्या मातीत तरी ‘मनाचं’ म्हणजे ‘खोटं’ असं कुणी म्हणू नये. आज ‘फंक्शनल’ विकार हे मेंदूच्या कामकाजातल्या बिघाडाचं निदान आहे, आणि तेही तपासून करायचं असतं. हूव्हरची खूण पाहा: रुग्णाला लुळ्या पायाची टाच गादीवर दाबायला सांगितली तर दाबता येत नाही; पण दुसरा पाय वजनाविरुद्ध उचलायला सांगितला की तीच टाच आपोआप दाबली जाते. डॉक्टरांचा हात त्या टाचेखाली असतो, त्यांना कळतं की ताकद आहे, फक्त ठरवून वापरता येत नाही. ही खूण 1908 पासून माहीत आहे. रिपोर्ट कोरे आले म्हणून कुणाच्या कपाळी हा शिक्का मारायचा नसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर मुख्य विषय भराभर सांगते.

झटका आला की घरच्यांनी मोबाइलवर चित्रण करावं: चेहरा, दोन्ही हात, बोलणं. नाव विचारा, हात वर करायला सांगा. सुरुवात कुठून, किती मिनिटांत पसरलं, शुद्ध होती का, आदल्या रात्रीची झोप, पाळी, उपास, सगळं वहीत लिहा. मिनिटामिनिटानं पसरत जाणारं आणि एका क्षणात आलेलं, यातला फरक डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. बी-12 जीवनसत्त्व तपासलंय का, झोप मोडून ईईजी किंवा व्हिडिओ-ईईजी करता येईल का, हे विचारा. माझं निदान अजून पक्कं नाही. अर्धशिशीपूर्वीचा ऑरा, म्हणजे डोकेदुखीआधी येणारी अशी लक्षणं, की अपस्मार, यावर दोन डॉक्टरांत दुमत आहे. पण ह्यांनी काढलेलं चित्रण पाहिल्यापासून दोघेही माझ्याशी बोलतात.

एक मात्र घोळवू नका. पहिल्यांदाच अचानक तोंड वाकडं झालं, हात पडला, वाचा गेली, तर वही नको, चित्रण नको, थेट 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सत्तरी-काणकोणहून बांबोळीचं मेडिकल कॉलेज गाठायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.